नऊ सीटा आणि एक माप

सायकल ही नवलाची वस्तू होती त्या काळची ही गोष्ट. एका डोंगरी मुलखात नऊ हरकारे होते. हरकारा म्हणजे टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन गावोगाव पळणारा माणूस. त्याच्या हातात घुंगरू बांधलेली काठी असे. घुंगरांचा आवाज आला की बाया हातातलं काम टाकून दारात येत.

या नऊ जणांत एक हरकारा अंगाने सडपातळ होता आणि स्वभावाने लाजरा. त्याचा बापही हरकाराच होता. बापाची काठी आता त्याच्या हातात आली होती. टपालाची पिशवी आपल्या घरातून जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

मुलखाचा मालक एक वतनदार होता. माणूस दुष्ट नव्हता. हरकाऱ्यांचे पाय दमतात हे त्याला दिसत होतं, म्हणून त्याने शहरातून नऊ सायकली मागवल्या. सायकली आल्या, पण गोदामातल्या उंदरांनी सगळ्या सीटांचं कातडं खाऊन टाकलं होतं. खाली नुसत्या लोखंडी दांड्या उरल्या होत्या. वतनदाराने जिनगराला बोलावणं पाठवलं.

जिनगर म्हणजे घोड्यांची खोगिरं करणारा कारागीर. हा जिनगर म्हातारा होता आणि त्याच्या हाताला चांगलं वळण होतं. त्याने दांडीभोवती दोन वेळा फेरी मारली आणि म्हणाला की सीट म्हणजे माणसासाठीचं खोगीरच. करता येईल.

आता त्या मुलखात एक जुनी रीत होती. कुठलीही नवी वस्तू करायची तर तिचं माप वतनदाराच्या अंगावरून घ्यायचं. तिला मापाचा मान म्हणत. वतनदार बुटका आणि रुंद होता. देवळाचं दार त्याच्या उंचीचं केलेलं होतं, त्यामुळे उंच माणसं कपाळ आपटून आत जात आणि कपाळ चोळत म्हणत की देवापुढे वाकायलाच हवं. विहिरीच्या पायऱ्या त्याच्या पावलांच्या होत्या, म्हणून लांब टांगांची माणसं दोन दोन पायऱ्या चुकून पाण्यात जात. पण दाराबद्दल किंवा पायऱ्यांबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

तशी सीटही झाली. जिनगराने लाकडी परातीत ओली माती मळली, वरून सारखी केली आणि चौकात ठेवली. ढोल वाजला. वतनदार धोतर सावरून परातीत बसला आणि उठला. मातीत दोन खोल खळगे पडले होते, एकमेकांपासून चांगले लांब. बसताना माणसाचा भार ज्या दोन हाडांवर येतो, त्यांचे ते ठसे होते.

जिनगराने हळूच विचारलं, की आता त्या नऊ जणांनाही एकेक करून मातीत बसवू का. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

"ते कशाला?" वतनदाराने विचारलं.

"सरकार, खोगीर करताना आम्ही घोड्याची पाठ मापतो. मालकाची नाही."

चौकातली माणसं हसली. वतनदारही हसला आणि म्हणाला, "म्हणजे माझे हरकारे घोडे का रे?" पुन्हा सगळे हसले. जिनगर मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने परात उचलली, घरी गेला आणि एकाच मापाच्या नऊ सीटा केल्या.

सीटा दिसायला देखण्या होत्या. वतनदाराचं वजन पेलेल असं जाड कातडं, पितळेचे खिळे, दोन बाजूंना दोन खळगे आणि मधे उंचवटा. हरकाऱ्यांनी घुंगरू काठीचे सोडून सायकलीला बांधले. पहिले चार दिवस लहान पोरांसारखे ते गावभर फिरले.

मग दुखायला लागलं.

लाजरा हरकारा सडपातळ होता. त्याची हाडं त्या खळग्यांत बसत नव्हती, मधल्या उंचवट्यावर येत होती. सीट रुंद असल्याने मांड्या आतून घासत. जाड कातडं त्याच्या वजनाने दबत नव्हतं. पंधरा दिवसांत त्याची कातडी सोलवटली. उताराला त्याच्या डोळ्यांत पाणी येई. चढाला तो सायकल हातात धरून चालत जाई आणि त्याला बरं वाटे.

सांगणार कुणाला? पाय दुखला तर माणूस पाय पुढे करून दाखवतो. ही जागा दाखवण्याची नव्हती आणि बोलण्याचीही नव्हती. त्याला वाटलं की आपल्याच अंगात काही खोट असणार. बाकीचे आठ जण तर घुंगरू वाजवत जात होते.

त्याने बायकोलाही सांगितलं नाही. पण बायकोच ती.

"अहो, उभ्याने जेवायचा नवस केलाय का कुठल्या देवाला?" तिने एक दिवस विचारलं.

तिने वाटीत तेल आणि हळद कालवून त्याच्यापुढे ठेवली आणि तोंड फिरवून चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या धोतराच्या आत तिने जुन्या लुगड्याची चौपदरी घडी शिवून दिली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी घडी सरकली आणि जखम फुटली.

तेव्हा तो जिनगराकडे गेला. काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. जिनगराने काही विचारलंही नाही. परातीत माती मळली आणि त्याला बसवलं. तो उठला तेव्हा मातीत दोन लहान खळगे होते, जवळ जवळ. जिनगराने कोनाड्यातून वतनदाराच्या ठशाची वाळलेली माती काढून शेजारी ठेवली. वतनदाराच्या खळग्यांमधे वीतभर अंतर होतं, याच्या खळग्यांमधे चार बोटं.

हरकारा कितीतरी वेळ ती माती बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या अंगात खोट नाही."

"नाही."

"मग मला माझ्या मापाची एक करून द्या, काका. कुणाला दिसणार नाही, वर घोंगडी टाकीन."

जिनगराने मान हलवली. "एकाची बदलली तर चोरी ठरेल. नऊ जणांनी मागितली तर रीत बदलेल. आधी बाकीच्यांना विचार."

खिंडीत एक पाणपोई होती. दुपारी सगळे हरकारे तिथे पाणी प्यायला थांबत. लाजरा हरकारा त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडून बघायला लागला. दगडावर बसताना एक जण एका कुल्ल्यावर बसत होता. दुसऱ्याच्या सीटवर गोणपाट गुंडाळलेलं होतं. तिसरा सायकलीवरून उतरला आणि बसलाच नाही, झाडाला टेकून उभा राहिला. सगळ्यांत वडील हरकारा, ज्याला सगळे नाना म्हणत, तो तर पालथा झोपला होता.

त्याने सगळी हिंमत गोळा करून विचारलं, "नाना, तुम्हाला दुखत नाही?"

नाना म्हणाला, छे, गादीवर बसल्यासारखं वाटतं.

"मग पालथे का?"

मग झाडाला टेकलेला हसायला लागला. त्याचं बघून दुसरा हसला आणि मग नानाही पालथ्याचा उठून हसायला लागला. एकाने कबूल केलं की तो घरी ताकाच्या थंड डेऱ्यावर बसतो. दुसऱ्याने सांगितलं की बायको त्याला कोंबडीसारखा अंडी उबवतो म्हणते. प्रत्येकाला इतके दिवस वाटत होतं की दुखणारा आपण एकटेच. त्या दुपारी ते नऊ जण भावांसारखे वाटत होते.

मग ठरलं. बाजाराच्या दिवशी चावडीवर जायचं. लाजऱ्या हरकाऱ्याने बोलायचं, कारण मातीचे ठसे त्याने पाहिले होते. "तू फक्त सुरुवात कर," नाना म्हणाला. "पुढचं आम्ही बघतो."

बाजाराच्या दिवशी चावडीवर गर्दी होती. बाया होत्या, व्यापारी होते. लाजरा हरकारा पुढे गेला. जन्मात तो इतक्या माणसांपुढे बोलला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. पण त्याने सगळं सांगितलं. सीट टोचते, जखमा होतात, माप ज्याचं त्याचं घ्यावं. त्याने कुणाला दोष दिला नाही.

बाजारात खसखस पिकली. वतनदार मात्र हसला नाही. त्याने सरळ विचारलं, "तुला एकट्याला टोचतंय की सगळ्यांना?"

"सगळ्यांना, सरकार."

"मग त्यांनाच विचारू." वतनदार आठ जणांकडे वळला. त्याने पहिल्यांदा नानाकडे पाहिलं, कारण तो वयाने सगळ्यांत मोठा होता. "काय रे, तुला बसायला त्रास होतो?"

नानाचा मुलगा पुढच्या वर्षी हरकारा म्हणून लागायचा होता. नानाने एकदा लाजऱ्या हरकाऱ्याकडे पाहिलं, एकदा बाजाराकडे पाहिलं. समोर त्याची सूनही उभी होती.

"नाही, सरकार," तो म्हणाला. "गादीवर बसल्यासारखं वाटतं."

मग दुसरा नाही म्हणाला. तिसरा नाही म्हणाला. नंतरच्यांना विचारावंही लागलं नाही, त्यांनी आपापल्या माना हलवल्या.

वतनदाराने गर्दीतल्या जिनगराला विचारलं, की तुझ्या हातून माप चुकलं का.

जिनगर म्हणाला, "माप बरोबर घेतलं होतं, सरकार." ते खरंच होतं. कुणाचं घेतलं होतं, एवढंच तो बोलला नाही.

"मग माप चुकलं नाही, माणूस चुकला," वतनदार म्हणाला. त्यात राग नव्हता. हिशोब सुटल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलला. त्याने लाजऱ्या हरकाऱ्याकडून पिशवी आणि सायकल काढून घ्यायला सांगितली. मग बाकीच्या आठ जणांना म्हणाला, "बसा, पाणी पिऊन जा."

आठही जण चावडीच्या दगडावर बसले. सगळेच्या सगळे एका कुल्ल्यावर बसले. लाजऱ्या हरकाऱ्याने ते पाहिलं. वतनदारानेही पाहिलं असेल. पण आता विचारायचं कारण उरलं नव्हतं.

त्याच्या जागी नानाचा मुलगा वर्षभर आधीच लागला. लाजरा हरकारा चुन्याच्या भट्टीवर दगड वाहू लागला. पोरं त्याला बघून एका पायावर उड्या मारत आणि पार्श्वभाग चोळत पळत. जखम महिन्याभरात भरली. पण दारात घुंगरांचा आवाज आला की तो घरात जाऊन बसे.

आठ जण आणि नानाचा मुलगा सायकली चालवत राहिले. एकाचा पाय सुन्न व्हायचा, तो घाटात पडला आणि कायमचा लंगडा झाला. दोघांची गळवं चिघळली, ते अंथरुणाला खिळले. नानाच्या मुलाने आजार सांगितला नाही, कारण बापाने चावडीवर दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. तो तापाने फणफणत असताना पिशवी घेऊन निघाला आणि खिंडीत पाणपोईशी त्याने प्राण सोडला. त्याचं वय एकोणीस होतं.

शेवटी वतनदाराने जाहीर केलं की इथल्या माणसांना सायकल सोसत नाही. सायकली कोठारात ठेवल्या गेल्या. टपाल शेजारच्या मुलखातले हरकारे नेऊ लागले, त्यांच्या त्यांच्या सायकलींवर. त्या नऊ सीटा मात्र वतनदाराच्या मापाच्या होत्या, म्हणून त्या चावडीत मांडून ठेवल्या. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात.

जिनगर मरण्याआधी एकदा लाजऱ्या हरकाऱ्याच्या घरी आला. काही न बोलता त्याने एक सीट ओट्यावर ठेवली. ती अरुंद होती, मऊ कातड्याची, खळगे चार बोटांवर. हरकाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली. अगदी त्याच्या मापाची होती. त्याने ती बापाच्या काठीशेजारी खुंटीला टांगली. घरात सायकल नव्हती.

एका दुपारी नाना काठी टेकत आला आणि ओट्याशी उभा राहिला. त्याला अजून नीट बसता येत नव्हतं. बायकोने पाणी दिलं. नानाने भिंतीवरच्या सीटकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी बोलणार होतो," तो म्हणाला. "कुणीतरी आधी बोलायला हवं होतं."

"मी बोललो होतो, नाना."

नानाने पुन्हा त्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. तू पहिला होतास. मी फक्त दुसरा व्हायला हवा होतो."

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच निघून गेला.

तात्पर्य: ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या अंगावरून घ्यावं. आणि आपलंच दुखणं दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं, तर आपण लगेच त्याच्या शेजारी उभं राहावं. पहिला माणूस एकटा पडला, तर चूक वस्तूची ठरत नाही, त्याच्या अंगाची ठरते.