घरदाखव्याच्या चाळीस घटका

खूप जुनी गोष्ट सांगतो. इतकी जुनी, की तेव्हा तास नव्हते, घटका होत्या. दिवस-रात्र मिळून साठ घटका. माणसं मात्र आत्तासारखीच होती. म्हणजे सगळ्यांना घर हवं असायचं आणि पहिलं दाखवलेलं घर कुणालाच आवडायचं नाही.

त्या काळी एका तटबंदीच्या नगरात एक घरदाखव्या राहत होता. ज्याला घर विकायचंय आणि ज्याला घ्यायचंय, त्या दोघांची भेट घालून व्यवहार जमवून देणं हा त्याचा धंदा. त्याला नाव होतंच की, पण लोक घरदाखव्याच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

लोकांना वाटे, काय मजेचा धंदा आहे! कुलूप काढायचं, दार ढकलायचं, "ही ओसरी, हे माजघर" म्हणायचं आणि दलाली कनवटीला लावायची. अहो, एक दिवस करून बघा म्हणावं! दुसऱ्याला फुरसत मिळते तेव्हा याचं काम सुरू होतं. पहाटे, लोक कामाला जायच्या आधी. संध्याकाळी, लोक परतल्यावर. आणि सणावाराला तर दिवसभर. घरोघरी पुरणपोळी तव्यावर फुगत असायची, तेव्हा हा बिचारा कुणाच्या तरी रिकाम्या घरातली जळमटं काढत असायचा.

एक जोडपं तर दर अमावास्या-पौर्णिमेला, जेवण झालं की घरं बघायला यायचं. तेरा घरं बघितली त्यांनी. चौदाव्या घराच्या पायरीवर बाई म्हणाल्या, "छे हो, आम्हांला कुठं घ्यायचंय घर? जरा चालणं होतं, जेवण जिरतं." घरदाखव्या त्यावर हसला. आतून जळफळला असेल, पण हसला. या धंद्यात हसावंच लागतं.

आता त्याची अडचण ऐका. नगरात दलालांची एक पंचायत होती आणि पंचायतीचा एक नियम होता. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ज्याच्या हातून एकही व्यवहार जमणार नाही, त्याने कमरेचा पितळी बिल्ला परत करायचा. बिल्ला गेला की धंदा गेला. आपल्या घरदाखव्याचं हे पहिलंच वर्ष. पाडवा महिन्यावर आला, तरी एक घर जमलं नव्हतं. धंदा गेला तर बायकोला घेऊन सासुरवाडीच्या ओसरीवर पथारी टाकायची, एवढंच उरलं होतं. सासरे रोज सकाळी विचारणार, "काय जावईबापू, आज काय विशेष?" नुसत्या विचारानंच त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बरं, तो आळशी होता का? मुळीच नाही! धंद्याला लागताना त्यानं जुन्या दलालांना विचारलं होतं, "यश यायला दिवसाला किती घटका राबावं लागतं?" एक म्हणाला वीस, एक म्हणाला पंचवीस. आपला गडी म्हणाला, मी चाळीस राबतो, मग यश जातंय कुठं! आणि राबलाही. सगळा हिशेब चोख राहावा म्हणून राबलेल्या दर घटकेला तो एका सुतळीला गाठ मारायचा. अकरा महिन्यांत त्या सुतळीचं भलंमोठं वेटोळं झालं.

बायको म्हणायची, "अहो, ही सुतळी पीळ घालून विहिरीला तरी लावली असती. पण छे! एवढ्या गाठी, कप्पीतूनसुद्धा जायची नाही."

"अगं, ह्या माझ्या कष्टाच्या गाठी आहेत!"

"हो, पण पाणी कशानं काढू?"

शेवटी ते वेटोळं खांद्यावर टाकून तो आत्याबाईंकडे गेला. आत्याबाई म्हणजे नगरातल्या सगळ्यांत जुन्या मध्यस्थ. अर्ध्या नगराची घरं त्यांनीच जमवून दिलेली. आता गुडघे धरले होते, पण जीभ शाबूत होती.

त्यानं वेटोळं त्यांच्या पायांशी आपटलं. "बघा आत्याबाई! एवढ्या घटका राबलो. घराची दारं उघडून उघडून हाताला घट्टे पडले. तरी माझ्या पदरात एक घर पडेना. हा न्याय आहे का?"

आत्याबाईंनी गाठी चाचपून बघितल्या. मग विचारलं, "यातल्या किती गाठी घरात बसून मारल्यास?"

"बसून? बसायला वेळ कुणाला आहे?"

"मग लेका, तुला दारं माहीत आहेत, घरं माहीत नाहीत. घर दिवसभर एकसारखं नसतं. सूर्य उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत एकेका घरात बसून बघ. ऊन कुठून येतं, वास कधी येतो, शेजारीण कुठल्या वेळेला भांडते, सगळं बघ. आणि घेणाऱ्यापाशीही जरा बस. त्याला काय हवंय ते तो पहिल्या दिवशी सांगत नसतो. पुष्कळदा त्याचं त्यालाच ठाऊक नसतं."

घरदाखव्या मनात चरफडला. इथं पाडवा तोंडावर आलाय आणि ही म्हातारी म्हणते बस! पण दुसरा उपाय सुचत नव्हता. म्हणून तो एक दिवस तांबट आळीतल्या एका घरात जाऊन बसला. घर सुरेख होतं. मागं विहीर, पुढं रुंद ओसरी, दणकट खांब. पण वर्षभर विकलं जात नव्हतं, आणि का ते त्याला तिथं बसल्यावर कळलं. सूर्य उगवला आणि आळीतल्या सगळ्या तांबटांच्या हातोड्या सुरू झाल्या. ठण ठण ठण ठण! हंडे, कळशा, घंगाळं. त्याचं डोकं भणभणलं. फक्त दुपारी, तांबट भाकरी खायला बसले, तेव्हा दोन घटका शांतता झाली. मग पुन्हा ठण ठण. पहिला दिवा लागल्यावर मात्र एकामागून एक हातोड्या खाली ठेवल्या गेल्या आणि आळी गप्प झाली.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? आपल्या घरदाखव्यानं मात्र भलतंच केलं.

त्याच्याकडे त्या वेळी एकच खरं गिऱ्हाईक होतं. एक बाई आणि तिचे आंधळे सासरे. तिचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूरदेशी असायचा. वर्षापूर्वी त्यानं दोघांना गावाहून नगरात आणून भाड्याच्या घरात ठेवलं होतं, आणि आता हक्काचं घर घ्यायला सांगून तो पुढं गेला होता. पण नगरात आल्यापासून म्हाताऱ्याची झोप उडाली होती. वैद्य झाले, काढे झाले, देवाला नवस झाले. म्हातारा वाळत चालला होता. सून म्हणाली होती, "मामंजींना झोप लागेल असं घर दाखवा. बाकी मला काही नको."

झोप लागेल असं घर म्हणजे शांत घर! एवढं कुणालाही कळतं. घरदाखव्यानं त्यांना अकरा शांत घरं दाखवली. तळ्याकाठचं, आमराईतलं, तटाबाहेरचं. म्हातारा प्रत्येक घरात क्षणभर उभा राहायचा आणि मान हलवायचा. "इथं नाही."

आता पाडव्याला चार दिवस उरले आणि दाखवायला एकही शांत घर उरलं नाही. तेव्हा घरदाखव्याच्या मनात आलं, आपण एवढे राबलोय, एवढ्या गाठी मारल्यात, एक व्यवहार तर आपल्या हक्काचा आहे! आणि त्यानं त्या दोघांना तांबट आळीतल्या घरात बरोबर भरदुपारी नेलं. तांबट जेवायला बसले होते.

"बघा ताई, किती शांत!" तो म्हणाला. त्याचा एक कान आळीकडे लागला होता. म्हाताऱ्याला चालायला वेळ लागला, त्यात एक घटका तर गेलीच होती.

सुनेनं घर बघितलं. विहीर बघून तिचा चेहरा खुलला. "मामंजी, इथं तरी?"

म्हातारा खांबाला टेकून ओसरीवर बसला. जमिनीवरून तळवा फिरवला. "घर चांगलं आहे गं सूनबाई. पण इथंही नाही."

 घरदाखव्या मटकन म्हाताऱ्याशेजारी बसला. वर्षभरात गिऱ्हाइकापाशी बसायची ही त्याची पहिलीच वेळ.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे तोंड वळवलं. "दमलास रे बाबा. अकरा घरं तुझी पावलं ऐकतोय मी. आज पाय ओढत चालला होतास. जेवलास का?"

वर्षभरात शेकडो माणसांना त्यानं घरं दाखवली होती. दमलास का, जेवलास का, असं एकानंही विचारलं नव्हतं. घरदाखव्याचे डोळे भरून आले. ज्यानं मायेनं विचारलं, त्याच्याशी खोटं कसं वागायचं?

"आजोबा," तो म्हणाला, "मी तुम्हांला फसवतोय. हे घर शांत नाही. ही तांबट आळी आहे. आत्ता ते भाकरी खायला बसलेत. एरवी सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत इथं ठोकाठोक चालते. मी दिवसभर बसून ऐकलंय. म्हणून तुम्हांला मुद्दाम या वेळी आणलं."

सून संतापली. "अहो, काय माणूस आहात तुम्ही! झोप नाही म्हणून यांच्या जिवाचं पाणी होतंय आणि तुम्ही यांना ठोकाठोकीत आणून बसवता? उठा मामंजी!"

घरदाखव्याचा हात कमरेच्या बिल्ल्याकडे गेला. संपलंच आता सगळं, त्याला वाटलं. आणि तेवढ्यात आळीच्या टोकाला पहिली हातोडी वाजली. ठण!

मग दुसरी. मग सगळ्याच.

"थांब सूनबाई," म्हातारा म्हणाला. त्याची पाठ ताठ झाली होती. "हा जवळचा घंगाळ मठारतोय, ठोका ठोका देऊन त्याला चकाकी आणतोय. तो पलीकडचा कळशीचा गळा काढतोय. आणि तो तिसरा कुणीतरी नवशिका आहे, मनगट वाकवत नाही लेकाचा!" आणि म्हातारा खदखदून हसला. सून बघतच राहिली. वर्षभरात तिनं ते हसू ऐकलं नव्हतं.

"चाळीस वर्षं हातोडी मारली रे मी," म्हातारा म्हणाला. "डोळे गेले, तेव्हा खाली ठेवली. पण गावात आमच्या घराशेजारी भट्ट्या होत्या, आवाज होता."

"आजोबा, हे अकरा घरांत एकदाही नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू आपला म्हणायचास, हे माजघर बघा, ही पडवी बघा. अरे, मला दिसतंय का ते?"

घरदाखव्या त्याच्या आणखी जवळ सरकून बसला.

"डोळ्यांना काळोखच असतो," म्हातारा हळूच म्हणाला. "गावी हातोड्या वाजायला लागल्या की मला कळायचं, उजाडलं. थांबल्या की कळायचं, रात्र झाली. इथं आल्यापासून सगळं एकसारखं. झोपावं तर सूनबाई म्हणते आत्ता दुपार आहे, उठून बसावं तर म्हणते मध्यरात्र आहे. मला मेल्याला कळतच नाही दिवस संपला कधी." मग त्यानं घरदाखव्याचा हात धरला. "दिवेलागणीला थांबतात म्हणालास. नक्की?"

"नक्की, आजोबा. मी बसलो होतो ना इथं. पहिला दिवा लागला की एकामागून एक थांबतात."

"मग बसू या तोवर."

तिघंही बसून राहिले. सुनेचा राग हळूहळू निवळला. तिनं विहिरीचं पाणी काढून दोघांना दिलं. ऊन ओसरीवरून उतरलं, अंगणात गेलं, दिसेनासं झालं. आळीत दिवा लागला. एक हातोडी थांबली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी फक्त त्या नवशिक्याची वाजत राहिली आणि तीही थांबली.

"झाला दिवस," म्हातारा म्हणाला. त्यानं खांबाला डोकं टेकवलं आणि तिथंच, बसल्या बसल्या, त्याला गाढ झोप लागली.

सुनेनं पदर डोळ्यांना लावला. मग घरदाखव्याकडे बघून ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हेच घर."

त्या दिवशी घरदाखव्या लवकर घरी गेला. बायको चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. ती दचकून म्हणाली, "अहो, काय विसरलात घरी?"

"काही नाही," तो म्हणाला. "बसायला आलोय."

बिल्ला राहिला. पुढं त्याच्या हातून पुष्कळ घरं जमली. तो कमी राबू लागला असं मात्र समजू नका हं. घरदाखव्याचे कष्ट कुणालाच चुकत नाहीत. एखाद्या दिवशी पंधरा घटका, तर एखाद्या दिवशी चाळीस. पण ती सुतळी त्यानं गाठी सोडून सोडून मोकळी केली, तिला पीळ घातला आणि विहिरीला लावली. त्याची बायको कितीतरी वर्षं त्या दोरानं पाणी काढत होती.

तात्पर्य: किती वेळ राबलो यावर यश ठरत नाही, त्या वेळात दुसऱ्याची गरज किती जाणली आणि त्याला किती खरं सांगितलं, यावर ते ठरतं.