तीर्थाचा पाट

एका डोंगरावर गोसाव्यांचा एक जुना मठ होता. वरच्या झऱ्याचे पाणी दगडी पाटाने मठात येई. आधी ते महादेवाच्या पिंडीवर पडे, मग हातपाय धुण्याच्या कुंडात जाई आणि शेवटी शौचकुपांच्या खालून वाहत सगळी घाण डोंगराखालच्या खतखड्ड्यात नेऊन टाकी. बांधणाऱ्याचे डोके ठिकाणावर होते.

मठाचे महंत केवळपुरी म्हातारे झाले होते. चेल्यांची भांडणे सोडवून सोडवून जीव नुसता मेटाकुटीला आलेला. एका दुपारी त्यांचा पट्टशिष्य उमेदपुरी तणतणत आला.

"महाराज, पिंडीवरचं पाणी म्हणजे तीर्थ. ते शौचकुपात जातं, हा केवढा अनाचार!"

महंतांना पाटाचे मर्म ठाऊक होते. पण सांगायचे म्हणजे वाद, आणि वादामागून रुसवेफुगवे. नको वाटले त्यांना.

"करा बाबांनो, काय वाटेल ते," म्हणून ते कुशीवर वळले.

चेल्यांनी कुंडापुढचा पाट चुन्याने बुजवला आणि तीर्थ बेलाच्या झाडांकडे वळवले. शौचकुपात घागरीने पाणी ओतायचे ठरले. पण सोवळे मोडून घागर उचलणार कोण? ज्याची पाळी, त्याला नेमके तेव्हाच ध्यान लागे.

घाण तुंबली. तिथल्या माश्या ताटांवर बसू लागल्या. मठात हगवणीची साथ आली. देव कोपला म्हणून चेल्यांनी अभिषेक वाढवले. बेल तेवढा तरारला. म्हातारा आचारी रेवाजी मात्र अंथरुणाला खिळला. महंत स्वतः त्याला पाणी पाजायला बसले. हे आपल्याच 'करा'चे फळ, हे त्यांना कळून चुकले.

ते पहार घेऊन पाटापाशी गेले. उमेदपुरी आडवा आला.

"महाराज, तीर्थ विटाळेल!"

"गंगेत लोक पापं धुतात, ती विटाळते का रे? हो बाजूला. दमलोय मी."

धापा टाकत त्यांनी चुना फोडला. मग कासोटा घालून ते तुंबलेल्या घाणीत उतरले. थोड्या वेळाने उमेदपुरीही खाली मान घालून टोपली घेऊन उतरला. संध्याकाळी पाणी पुन्हा खळाळून वाहू लागले.

साथ हळूहळू ओसरली. रेवाजी मात्र उठला नाही.

त्यानंतर कोणी काही विचारायला आले, की महंत कितीही दमलेले असोत, आधी उठून बसत आणि मगच उत्तर देत.

तात्पर्य: घाणीला शिवायला लाजणारे पावित्र्य घाणच साठवते, आणि ते कळत असून कंटाळून 'हो' म्हणणाऱ्याला शेवटी ती स्वतःच उपसावी लागते.