खापऱ्यांची वाट

डोंगरउतारावरच्या एका गावात एक कुंभार होता. हात इतका चांगला की त्याचं मडकं वाजवून घ्यायची गरजच नाही, असं गाव म्हणायचं. पण माणूस भारी मानी. 'माझ्या भट्टीत मडकं फुटत नाही,' असं तो येईल त्याला छाती फुगवून सांगायचा, आणि गावही भाबडं, ते खरं मानायचं.

आता भट्टी म्हटली की थोडंफार फुटणारच, नाही का? पण हा काय करायचा, भट्टी उघडली की कुणी यायच्या आत एकेक मडकं टिचकी मारून बघायचा. खणखणीत वाजलं तर विकायला ठेवायचा. बद्द वाजलं की फोडायचा आणि घरामागच्या खड्ड्यात टाकून वर बाभळीच्या फांद्या ओढायचा. हे ठाऊक होतं फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, हौसाला.

त्याचं घर उताराच्या तळाशी आणि रस्ता वर. मधली वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात त्याच्या छकड्याची चाकं चिखलात रुतायची आणि चांद्या, त्याचा एकुलता एक बैल, ओढून ओढून अगदी मेटाकुटीला यायचा. शेवटी कुंभाराने ठरवलं, दारापासून रस्त्यापर्यंत पक्की गाडीवाट करायचीच.

वाटेवर घालायचं काय, यावर सल्ले द्यायला सगळं गाव तयार. कुणी म्हणालं, नदीतले गोटे घाल. पण गोटे चाकाखालून निसटतात. कुणी नुसता मुरूम सांगितला, तर तो पहिल्याच पावसात उतारावरून वाहून जाणार. गवंड्याने मात्र घोटीव फरशी सुचवली, पाटलांच्या ओसरीला आहे तशी, तोंड दिसेल इतकी गुळगुळीत. ते ऐकून कुंभाराचे डोळे लकाकले.

हौसा म्हणाली, "घोटीव दगड ओसरीला शोभतो. आपल्या वाटेवरून बैल चालायचा आहे. मागच्या खापऱ्या मुरमात घालू आणि धुमसाने बडवून चांगल्या घट्ट करून घेऊ. वाटही टिकेल, चांद्याच्या खुरालाही धर मिळेल."

कुंभाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दारात खापऱ्या पसरायच्या म्हणजे आजवरचं नाव आपल्याच हाताने पुसायचं, असं तो फणकारला आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. फरशी आली, बसली, चकाकली. गाव बघायला आलं, वा वा करून गेलं. कुंभार नुसता मिरवत होता.

मग संक्रांत आली. त्या गावात रीत अशी, की भोगीच्या सकाळी बायका उताराच्या माथ्यावर जमायच्या आणि कुंभाराच्या छकड्यातून आपापली सुगडं घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पूजा, त्यामुळे त्या दिवशी सुगडं मिळालीच पाहिजेत. कुंभाराने पेंढा अंथरून छकडा भरला आणि चांद्याला जुंपलं. रात्रभर दव पडून फरशी ओलीचिंब झाली होती.

निम्मी वाट चढल्यावर चांद्याचा पाय घसरला. छकडा कलंडला, सुगडं फरशीवर फुटत गेली आणि चांद्या गुडघ्यांवर कोसळला. कुंभाराने धावत जाऊन जू सोडलं. पण बैलाला काही उठता येईना. अर्धवट उठायचा, खूर सरकायचे, पुन्हा धाडकन आपटायचा. आणखी एकदा वेडावाकडा पडला असता तर पाय मोडला असता, आणि पाय मोडलेल्या बैलाचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. धरायला गेलेले दोन दांडगे गडीही घसरून बसले. पेंढा पसरला, तो खुराखालून सटकला. भट्टीची राख टाकली, तर दवात भिजून तिचा राडा झाला.

चांद्या धापा टाकत होता आणि डोळे मोठे करून मालकाकडे बघत होता. कुंभाराने हौसाकडे पाहिलं. मागे बोलून झालंच होतं तिचं. माथ्यावर सगळं गाव उभं होतं. नाव मोठं की चांद्या?

तो उठला, घरामागे पळाला आणि सगळ्यांच्या देखत त्याने खड्ड्यावरच्या फांद्या ओढून बाजूला फेकल्या. हाताला काटे लागले, त्याचंही त्याला भान नव्हतं. खापऱ्यांचा बारीक चुरा त्याने आणि हौसाने पाट्या भरभरून आणला आणि चांद्याच्या खुरांखाली, मग पुढे कडेच्या मातीपर्यंत ओतला. चांद्याने एक पाय रोवला, दुसरा रोवला. चुरा कुरकुरला, पण सरकला नाही. बैल उभा राहिला. कुंभार त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

तोवर लोक खड्ड्याभोवती गोळा झाले होते. वर्षानुवर्षांच्या फुटक्या मडक्यांचा ढीग उघडा पडला होता. कुंभार खाली मान घालून म्हणाला, "माझ्याकडेही फुटतात. मी खोटं सांगत होतो."

मग गावातली सगळ्यात म्हातारी सुवासिनी वाकली, तिने एक खापरी उचलून उलटसुलट पाहिली.

"एवढी फुटली, आणि यातलं एकही कधी आमच्या पदरात घातलं नाहीस," ती म्हणाली. "बाबा, आजवर तुझ्या हातावर विश्वास होता. आजपासून तुझ्यावर आहे."

त्या वर्षी कुणाच्या वाट्याला पाच सुगडं आली नाहीत. पेंढ्यात जी वाचली ती बायकांनी वाटून घेतली, कुणी दोन, कुणी एक, आणि पूजा काही कुणाची अडली नाही. संक्रांत झाल्यावर कुंभाराने फरशी उखडली. खापऱ्या आणि मुरूम एकत्र करून गावातल्या गड्यांनी धुमसाने वाट बडवून घट्ट केली. फरशी हौसाने ओसरीला लावून घेतली, तिथे ती छान शोभली.

पुढे पावसाळे आले नि गेले, वाट काही हलली नाही. लांबलांबची गिऱ्हाइकं त्या वाटेवरून उतरायची आणि पायाखाली हे काय म्हणून विचारायची. कुंभार हसून सांगायचा, "ही माझी फुटलेली मडकी. न फुटलेली आत आहेत, या." आणि चांद्या दाराशी निवांत रवंथ करत बसलेला असायचा.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: वाट करताना ती कशी दिसेल हे नंतर बघा, तिच्यावरून कोण चालणार हे आधी बघा. आणि आपल्या हातून जे फुटलं ते झाकून ठेवू नका, त्याच्याच आधाराने कुणाचा तरी घसरता पाय घट्ट रोवला जाईल.