भिवराच्या बाळाची पट्टी

“हा बेसूर आवाज कुणाचा?”

उदाजीराव महाराज गरजले आणि मांडवातली पाचशे डोकी एकदम मागे वळली. गाणारे नरहरबुवा तान अर्धी सोडून थांबले. वाघेरी संस्थानाच्या चैत्रोत्सवात असं कधी घडलं नव्हतं!

आवाज होता सात महिन्यांच्या केरूचा. त्याला खांद्यावर घेऊन त्याची आई भिवरा शेवटच्या रांगेत उभी होती. हा मांडव घातला होता तिच्याच नवऱ्याने, सुताराने. पण आत्ता ती ओळख सांगून काही उपयोग नव्हता. केरू रडतच होता.

भिवराने काय करायचं बाकी ठेवलं होतं? निघताना पोटभर पाजलं, खुळखुळा घेतला, दोन दुपटी घेतली, तिसरंही असावं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेली. तरी हे! डावीकडची बाई म्हणाली, “भूक लागलीय त्याला.” उजवीकडची म्हणाली, “भूक कसली, पोट दुखतंय.” पुढची वळून म्हणाली, “टोपडं बघ किती आवळलंयस, बाई!” भिवराला तिघींचंही पटलं. चूक आपली आहे एवढं नक्की होतं, फक्त कोणती ते ठरायचं होतं.

“माझ्या मांडवात सुराबाहेरचा आवाज खपणार नाही,” महाराज म्हणाले. “उद्यापासून तान्ह्या पोरांच्या आयांना मांडव बंद!”

“असं नका करू, सरकार!” भिवराच्या तोंडून निघून गेलं. “उद्या मैनाबाई गाणार. वर्षभर वाट बघितलीय मी. आणि ह्याला ठेवू कुणापाशी?”

महाराज हट्टी खरे, पण आपण न्यायी आहोत असंही त्यांना वाटे.

“बरं! उद्या घेऊन ये त्याला. रडला तरी चालेल, पण सुरात रडला पाहिजे! तंबोऱ्याशी सूर जुळला तर सगळ्या आयांना मांडव मोकळा. नाही जुळला, तर कायमचा बंद!”

मांडव खदखदून हसला. नरहरबुवा तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

घरी जाताना भिवराने केरूला एकदा ‘सा’ म्हणून दाखवला. केरूने तिच्या नाकात बोट घातलं. शिकवणी तिथेच संपली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मैनाबाई आल्या, बसल्या आणि बुवांचे तंबोरे पुढे ओढून खुंट्या पिळू लागल्या. तारा कण्हत कण्हत वर चढू लागल्या. भिवरा बघत राहिली. मग केरूला सावरत थेट महाराजांसमोर आली.

“सरकार, बाई तंबोरे बिघडवतायत!”

“बिघडवत नाहीत गं, वेडे!” महाराज हसले. “काल बुवांचा खर्जातला गळा होता, आज बाईंचा उंच. ज्याचं गाणं, त्याची पट्टी! गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तंबोरा लावायचा असतो. एवढंही ठाऊक नाही?”

“अडाणी आहे, सरकार. म्हणजे उलटं नाही ना चालत? आधी तंबोरा लावायचा आणि मग गळा ओढून त्याच्यापाशी न्यायचा?”

“छे! गळ्याचे हाल होतील.”

“मग काल माझ्या लेकाला कुणाच्या पट्टीवरून बेसूर ठरवलंत?”

“बुवांच्या,” महाराज बोलून गेले. नरहरबुवा खाकरले.

“आणि आज आधी गळा कुणाचा ऐकायचाय?”

“तुझ्या लेकाचा.”

“तर मग त्याच्या पट्टीत लावा की तंबोरा! सात महिन्यांच्या गळ्याचे हाल कशाला?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. रागाने की कशाने, कळेना. मैनाबाईंनी मात्र तंबोरा उचलून उभा धरला.

“बाईचं चुकत नाही, सरकार. मी लावते. गवयाने आवाज द्यावा.”

आणि गवई आवाज देईना! केरू मजेत पायाचा अंगठा चोखत होता. भिवराने खुळखुळा काढून घेतला, तो हसला. चिमटा काढावा का? आपल्या हाताने? तिचा हात काही होईना. एरवी जो थांबता थांबत नाही, तो आजच शहाणा व्हायचा होता!

“बघू, बघू,” म्हणत महाराज स्वतः वाकले. कल्लेदार मिशा केरूच्या नाकाशी आल्या.

केरूने एक क्षण त्या मिशांकडे पाहिलं, आणि असा टाहो फोडला की पुढची रांग मागे सरकली! मैनाबाई झरझर खुंटी पिळू लागल्या. तार चढली, आणखी चढली, आता तुटते असं वाटलं आणि तेवढ्यात टाहो आणि तार एकात एक मिसळून गेले. कुठला आवाज केरूचा आणि कुठला तंबोऱ्याचा, कळेना!

“वाहवा!” महाराज ओरडले आणि मग भान येऊन पोट धरून हसत सुटले.

“दमसास चांगला आहे,” नरहरबुवा पुटपुटले. “पण लयीचं काय?”

“ती जेवणाच्या वेळेवर असते, बुवा,” भिवरा म्हणाली. “तुमच्यासारखीच.”

महाराजांनी शालजोडी आणि नारळ मागवून केरूपुढे ठेवले. “ही गवयाची बिदागी. आता तुझी माग.”

“एक जागा द्या, सरकार.”

“गवई गाण्यात घेतात तसली?”

“नाही हो, बसायची! दाराजवळची. पोर कुरकुरलं की पटकन बाहेर जाता येईल अशी.”

तिथल्या तिथे दाराजवळ लांबलचक सतरंजी अंथरली गेली, वर दोन झोळ्या टांगल्या गेल्या आणि गावातल्या सगळ्या आया आपापली गाठोडी घेऊन मांडवात शिरल्या.

“काय गं,” मैनाबाईंनी तंबोरा मांडीवर घेत विचारलं, “आता माझ्या पट्टीत लावू ना?”

भिवराने खांद्यावरचं दुपटं हळूच बाजूला करून पाहिलं.

“लावा, बाई. आमचे बुवा झोपले!”

महाराज पुन्हा हसले, पण ह्या वेळी तोंडावर उपरणं दाबून.