थोरल्या राणीचं रात्रीचं दुखणं

एका राज्यात दिवस मावळू लागला की माणसं हळू आवाजात बोलू लागत. रात्र पडली की राजवाड्यातून कण्हणं ऐकू येई, आणि ते ऐकत कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. कण्हत असत थोरल्या राणीसाहेब, भानुमती. दिवसा त्या चांगल्या असत. तुळशीला पाणी घालत, न्यायनिवाड्याला बसत, दासींवर डाफरत. रात्री मात्र डाव्या दंडातून कळ निघे, खांद्यात शिरे, तिथून पाठीच्या कण्यात उतरे. अंग तापे, पोटात पाणी ठरत नसे. पहाटे कोंबडा आरवला की सगळं थांबे, आणि वैद्य नाडी धरीपर्यंत दुखण्याची खूणही उरत नसे.

वैद्य तरी किती आले म्हणता! एक म्हणाला वात, दुसरा म्हणाला पित्त, तिसऱ्यानं दोघांना मूर्ख ठरवून कफ सांगितला. लेप झाले, काढे झाले. कधीपासून दुखतंय, एवढं मात्र एकानंही विचारलं नाही. शेवटी राजवैद्यांनी हात टेकले. म्हणाले, "वय झालं, राणीसरकार. या वयात दुखायचंच."

हे ऐकून मृगांका राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मृगांका ही भानुमतीची एकुलती एक लेक. बाप गेल्यावर गादीवर तीच बसली. शूर होती, पण हट्टी! मागच्या साली ती काळडोहाच्या गुहेत उतरली आणि चेटक्याच्या खजिन्यातला पाचूचा बाजूबंद घेऊन आली. त्या बाजूबंदावर चेटक्याचा शाप होता, 'हा जो दंडात घालील, त्याच्या हाडांत मी रोज रात्री वस्तीला येईन.' मृगांका हसली, बाजूबंद डाव्या दंडात चढवला आणि घोडा उडवत घरी आली. वेशीवर आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हात लेकीच्या चेहऱ्यावरून फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "तुझी अलाबला मला लागो." त्या राज्यात सगळ्याच आया असं करत. भानुमती तर लेक निजायला निघाली की रोज करी. मृगांकेला पुढे काही म्हणजे काही झालं नाही. शाप फुसका निघाला, असं ती भर दरबारात सांगे.

तर वैद्य हरले तेव्हा ती बागेतल्या बेहड्याच्या झाडाखाली गेली. तिथे ढोलीत एक म्हातारा पिंगळा राही. तो तिच्या पणजोबांच्या वेळेपासून माणसांशी बोलत आला होता, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"पिंगळ्या, माझ्या आईला काय झालंय?"

"सांगितलं तर तू मानणार नाहीस," पिंगळा म्हणाला. "तीन रात्री तीन कामं कर. पहिल्या रात्री तिची शेज बदल. दुसऱ्या रात्री तिचं ताट तू घे, तुझं तिला दे. तिसऱ्या रात्री घर सोड. जाताना तिचा निरोप घेऊ नकोस."

पहिल्या रात्री मृगांकेनं आईला देवघरात घोंगडीवर निजवलं. कळ तिथेही आली. दुसऱ्या रात्री तिनं ताटं बदलली. आईनं निजताना नेहमीसारखे लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवले, बोटं मोडली, आणि घटकाभरात तिला कळ आली. ओरडू नये म्हणून म्हातारीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. मृगांका तिचे पाय दाबत बसली आणि रडली. शेजेत काही नाही, अन्नात काही नाही. मग आईला खातंय तरी काय?

तिसऱ्या दिवशी ती उन्हं कलायच्या आत गुपचूप निघाली आणि नदीपलीकडच्या शिकारघरात जाऊन निजली.

मध्यरात्री तिला जाग आली ती स्वतःच्याच किंकाळीनं. डाव्या दंडातून कळ निघाली, खांद्यात शिरली, कण्यात उतरली. ही वाट तिला पाठ होती. इतके दिवस ती आईच्या अंगावर या कळेचा माग काढत होती. तिनं दंडाकडे पाहिलं. बाजूबंद निखाऱ्यासारखा तापला होता आणि ओढून निघत नव्हता. "अगं आई गं," ती पुटपुटली, "हे माझं होतं!"

कोंबडा आरवताच ती काळडोहाला निघाली. गुहेत चेटक्या दगडावर बसला होता.

"तुझं तू माघारी घे," मृगांका म्हणाली.

"उशीर केलास, राणी. मी रोज तुझ्याच दारी येत होतो. दारात एक म्हातारी आडवी येई. म्हणे, हिच्याआधी मी."

"घे म्हणते ना!"

"घेतो. पण तिच्या हाडांतलं जे खाल्लं, ते माझ्याच्यानं परत होणार नाही."

बाजूबंद आपोआप गळून डोहात पडला आणि गुहेचं तोंड मिटलं.

मृगांका घरी आली तेव्हा भानुमती उशीला टेकून बसली होती. आदली रात्र ती शांत निजली होती. पण कळ गेली तशी हातातली ताकदही गेली होती; डावा हात मांडीवर निर्जीव पडला होता.

"आईसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच रात्री कळलं. बाजूबंद तुझ्या दंडात, कळ माझ्या दंडात. न कळायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर दुसऱ्या रात्री माझ्या हाताखाली मान वाकवली असतीस का, बाळे?"

मृगांकेनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली.

शाप सुटला. राज्यातली माणसं पुन्हा पोटभर जेवू लागली, आवाज चढवून भांडू लागली. त्यांच्या रात्री जशा सुखाच्या झाल्या, तशा ऐकणाऱ्यांच्याही होवोत. राजवाड्यात मात्र निजायची वेळ झाली की मृगांका आईसमोर बसे, तिचा डावा हात आपल्या हातानं उचलून आपल्या गालावरून फिरवी. उजवा हात भानुमती स्वतः फिरवी. मग ती बोटं मोडी, पण एकाच कानशिलावर.