दाईने मागितलेला दुसरा गड

चांदगिरीच्या राजांनी फर्मान काढलं की, यापुढे प्रत्येक चाकराच्या पगारातला चौथा हिस्सा राजांच्याच खजिन्यात राहील आणि म्हातारपणी व्याजासकट परत मिळेल. चाकर हवालदिल झाले, पण बोलणार कोण? शेवटी राजांना अंगाखांद्यावर वाढवणारी दाई हौसाबाई दरबारात उभी राहिली.

"महाराज, आमची पुंजी आम्हाला हवी तिथे ठेवायची मुभा द्या."

राजांच्या कपाळाला आठी पडली. "माझ्या खजिन्यावर तुझा भरवसा नाही?"

"आहे ना. पण आपण तो तीन गडांवर वाटून का ठेवलाय?"

"एक गड पडला तरी बाकीचे राहावेत म्हणून," राजे ऐटीत म्हणाले.

"आमचा गड एकच, महाराज, आपण. तो पडला, तर त्याच दिवशी आमची चाकरीही जाईल आणि म्हातारपणाची पुंजीही. मग आम्हाला दुसरा गड नको का?"

राजे हसले आणि त्यांनी फर्मान मागे घेतलं.

"माझ्याच तोंडून माझं फर्मान मोडून घेतलंस, दाई."

"त्या तोंडाला पहिला शब्द मीच शिकवला होता," हौसाबाई म्हणाली आणि ताठ मानेनं दरबाराबाहेर पडली.