साठ ग्रॅम जड पेडल

घाटाच्या शर्यतीत ज्याला स्वतः पाय मारायचे नसतात, त्यालाच वजनाची काळजी फार. जिल्हा सायकल संघटनेचे अध्यक्ष बापूसाहेब ढमढेरे यांनी फर्मान काढलं की, बूट अडकवायचं पेडल सगळ्यात हलकंच हवं, नाहीतर संघाबाहेर.

संघातल्या वृषाली खिलारेला ते पेडल सोसेना. त्यात बूट जखडून बसे आणि गुडघा दुखे. तिच्या जुन्या पेडलमध्ये टाच जरा हलायची, पण ती जोडी साठ ग्रॅम जड होती.

तपासणीत बापूसाहेबांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "साठ ग्रॅम जास्त आहेत, पोरी. उतरव, नाहीतर घरी जा."

"उतरवते की, साहेब."

तिने पाना घेतला आणि हँडलपुढची पितळी पाटी सोडवून काट्यावर ठेवली. बापूसाहेबांच्या नावाची ही पाटी त्यांच्याच हुकमाने संघाच्या प्रत्येक सायकलला लावलेली होती. काटा नव्वदवर थांबला.

"सायकल उलट तीस ग्रॅम हलकी झाली," वृषाली म्हणाली. "बाकीच्या अकरा सायकलींच्याही सोडवू का?"

बापूसाहेबांनी पाटी उचलून रुमालाने पुसली.

"लाव परत," ते म्हणाले. "पेडल राहू दे तुझं."